मेथी निवडता निवडता

वसईत सुपरमार्केटच्या रांगेत उभी होते. बिलाच्या मशीनचा बीप-बीप आवाज कानावर आला आणि एकदम छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. बाबांच्या शेवटच्या दिवसांत आयसीयूत असाच आवाज चालू असायचा. हे तिसऱ्यांदा होत होतं. सामान तिथेच टाकून मी बाहेर पळाले.

बाहेर पायरीशी भुईगावची एक भाजीवाली बसते. तिने मला हाताला धरून बसवलं आणि काही न विचारता मेथीची जुडी मांडीवर ठेवली.

"निवड. एकेक पान."

मी पानं खुडायला लागले. ती शेजारी शांतपणे दुसरी जुडी निवडत राहिली. अर्धी जुडी झाली तेव्हा माझा श्वास जागेवर आला. मी तिला आवाजाचं सांगितलं.

"माझं डिझेलच्या वासानं होतं," ती म्हणाली. "नवरा बोटीवर गेला तो आलाच नाय. आधी वाटायचं, मी पन मरनार. आता कळतं, थोड्या वेळानं जातं. घरी सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सांग. मी उगाच सात वर्षं लपवलं."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत शेजारी येऊन बसला. "उद्या रजा टाकतो," म्हणाला, "डॉक्टरकडे दोघं जाऊ."