पहिल्याच फटक्याला यस

उत्तर आयर्लंडमधल्या एका किल्ल्यात माझ्या सासऱ्यांना गुरं चोरल्याच्या आरोपावरून कोठडीत टाकण्यात आलं. त्यांनी गुन्हा भर चौकात, हसतमुखाने कबूल केला होता. आणि तो त्यांनी माझ्या सांगण्यावरून कबूल केला होता.

(उत्तर आयर्लंड म्हणजे यूकेच. दक्षिणेकडे जायचं तर आमच्या पासपोर्टांना वेगळा व्हिसा लागतो. त्यामुळे आम्ही सगळ्यांना नुसतं ‘आयर्लंड बघून आलो’ असं सांगतो आणि ‘कुठलं?’ विचारायच्या आत विषय बदलतो.)

माझे सासरे, म्हणजे नाना, यांनी नागपूरच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. किल्ले हा त्यांचा खास विषय. तट, बुरूज, माची, चोरदरवाजा सगळं फळ्यावर खडूने असं काढायचे की मुलांना तिथे जाऊन आल्यासारखं वाटायचं. नाना स्वतः मात्र कुठेच जाऊन आले नव्हते. सह्याद्री लांब, सुट्टीत पेपर तपासायचे, ‘पुढच्या मे महिन्यात नक्की’ असं करत करत ते निवृत्त झाले, आणि तोवर गुडघ्यांनीही राजीनामा दिला. तरी दर दिवाळीला सोसायटीच्या पोरांना मातीचा किल्ला करून देतात. मागल्या बाजूला बोटाने भोक पाडून म्हणतात, ‘हा चोरदरवाजा.’ गेल्या दिवाळीत एका पोरीने विचारलं, ‘आजोबा, तुम्ही खरा पाहिलाय का?’ नाना मातीच्या बुरुजावरून उगीच हात फिरवत राहिले. ती गोष्ट त्यांनी आम्हाला फोनवर तीनदा सांगितली, तेव्हाच कळलं की त्यांना ती फार लागली आहे.

म्हणून नाना आणि माझ्या सासूबाई, म्हणजे माई, इंग्लंडमध्ये रीडिंगला आमच्याकडे आले, तेव्हा मी हा किल्ला शोधून काढला. समुद्राच्या काठावर, कड्याला चिकटून. त्याच्या पोटात एक भुयारी जिना आणि जिन्याच्या तळाशी थेट समुद्रात उघडणारा चोरदरवाजा! पायऱ्या थोड्या आणि धरायला कठडाही. तिथे फक्त गाइडबरोबर जाता येतं आणि शेवटची फेरी दुपारी तीनची. सकाळच्या विमानाने बेलफास्ट, रात्रीच्या विमानाने परत. पुढच्या आठवड्यात नाना-माई भारतात जाणार होते, त्यामुळे जे काही व्हायचं ते त्या एका दिवसातच.

‘निखिलराव, खरंच हात लावता येईल त्या दरवाजाला?’ नानांनी मला विचारलं. मी म्हणालो, ‘मी नेतो ना तुम्हाला!’ माझ्या तोंडून असली वाक्यं निघाली की माझी बायको मुग्धा डोळे मिटून घेते.

आता त्या ‘यस’ची भानगड. नानांच्या घराचा नियम असा की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘अहो, खरंच नको’ आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अगदी थोडं’. मुलगी बघायला गेलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माईंनी विचारलं, ‘आणखी पोहे?’ मी म्हणालो, ‘हो, चालतील की!’ पहिल्याच फटक्याला! बैठकीत सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले. त्या रात्री नाना मुग्धाला म्हणाले, ‘मुलगा चांगला आहे. जरा हावरट वाटतो.’ लग्न झालं, मुलगी झाली, पण तो शेरा काही पुसला गेला नाही. तेव्हापासून नानांच्या समोर मी पाणीसुद्धा तिसऱ्या आग्रहाला पितो.

इकडे आल्यावर मात्र नानांचीच पंचाईत झाली. शेजारच्या मार्गारेटबाईंनी आम्हाला घरी बोलावलं आणि नानांना विचारलं, ‘चहा घेणार?’

‘नो, नो, थँक यू,’ नाना अदबीने म्हणाले आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले.

‘ऑल राइट,’ असं म्हणून बाईंनी स्वतःचा चहा ओतला, बिस्किट बुडवलं आणि खाल्लं. नाना तासभर त्या किटलीकडे बघत होते.

घरी आल्यावर भडका उडाला. ‘अहो, एकदा विचारलं आणि संपलं? ही काय रीत झाली? माणूस लाजतो, संकोचतो!’

तेव्हा मी इतक्या वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर (इतक्या वर्षांत मला इंग्लंडबद्दल एवढंच कळलंय) त्यांना उपदेश केला. ‘नाना, इथे एकदाच विचारतात. कुणी काहीही विचारलं तरी पहिल्याच फटक्याला ‘यस’ म्हणायचं. संकोच केलात तर उपाशी मराल!’

शिस्तीच्या मास्तरांना नियम सांगताना जपून सांगावा, हे मला कुठे माहीत होतं?

बेलफास्टला उतरून गाडी घेतली. किल्ल्याच्या वाटेवर एक जुन्या गावाचं म्युझियम होतं. गवताने शाकारलेली घरं, आत चुलीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळतेय, जुन्या वेशातल्या बाया-माणसं कामं करून दाखवताहेत. ‘आत एक चक्कर मारू आणि निघू,’ मी म्हणालो.

पहिल्याच घरात एका बाईंनी नानांना विचारलं, ‘लोणी काढून बघणार का?’

‘यस!’

नाना लाकडी पिंपात दांडा घालून घुसळायला लागले. माई शेजारी उभ्या राहून सूचना देत होत्या. ‘जोर कमी करा. अहो, तांब्याभर गार पाणी घाला म्हणावं त्यांना!’ त्या बाईंनी खरंच पाणी घातलं आणि लोण्याचा गोळा वर आला. माईंचा चेहरा असा खुलला की बास! मी घड्याळ बघितलं.

पुढच्या घरात लोहार होता. ‘आमच्याकडे गावागणिक फावड्याचा आकार कसा बदलतो, ते ऐकायचंय?’

‘यस!’

बाप रे! त्या माणसाकडे भिंतभर फावडी होती, आणि त्यातलं एकही त्याने सोडलं नाही. मी मागून नानांचा शर्ट ओढत होतो. पुढे विणकर भेटला (‘यस!’), मग मेंढ्यांना चारा घालणारी मुलगी भेटली (‘यस! यस!’). गाडीत बसलो तेव्हा नानांच्या अंगाला लोणी, लोखंड, लोकर आणि मेंढी अशा सगळ्यांचा एकत्र वास येत होता.

‘नाना,’ मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, ‘प्रत्येक गोष्टीला यस नाही म्हणायचं.’

‘तुम्हीच म्हणालात, काहीही विचारलं तरी.’

‘ते चहाबद्दल होतं!’

‘मग अपवाद नियमाबरोबरच सांगायचे असतात, निखिलराव. नंतर सांगितलेल्या अपवादाला सबब म्हणतात.’

मागच्या सीटवर मुग्धा खिडकीबाहेर बघून हसत होती. आमची आठ वर्षांची ईरा, जी रीडिंगमध्ये जन्मली आणि मराठी आजीशी फोनवर शिकली, म्हणाली, ‘बाबा, आजोबा तुला ओरडली?’ मी गाडी जरा जोरात चालवली.

किल्ल्यावर पोचलो तेव्हा तीनला थोडाच अवकाश होता. चोरदरवाजाची गाइड, एक पांढऱ्या केसांची ठसठशीत बाई, पलीकडच्या कमानीखाली माणसं गोळा करत होती. मधे फक्त एक चौक ओलांडायचा होता. पण त्या चौकात नेमका त्या दिवशी जुन्या काळच्या न्यायसभेचा खेळ चालू होता. चिलखत घातलेला एक आडदांड माणूस गर्दीवर नजर फिरवत ओरडला, ‘मला एक गुन्हेगार हवाय! सर, तुम्ही होणार?’

‘नाना, नको!’ मी किंचाळलो.

‘यस!’ नाना म्हणाले.

टाळ्या पडल्या. दोन मिनिटांत नानांच्या अंगावर गोणपाटाची कफनी आली आणि हात दोराने बांधले गेले. माईंनी माझा दंड धरला. ‘अगं बाई! यांना कुठे नेतायत?’

‘नाटक आहे, माई.’

‘मग तुम्ही का घामाघूम झालायत?’

चिलखतवाल्याने भाला आपटला. ‘तू सरदारांची गुरं चोरलीस का?’

‘यस!’ नानांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सगळा चौक हसला.

‘आणि पुन्हा चोरशील का?’

‘यस!’

‘यांच्या सात पिढ्यांत कुणी शेजारचं फूल तोडलं नाही हो!’ माई कळवळून म्हणाल्या. ईरा उड्या मारत होती. ‘माझी आजोबा चोर आहे! सो कूल!’

अशा रीतीने गुन्हा शाबीत झाला. नानांचे हात सोडून त्यांना लोखंडी गजांच्या कोठडीत बसवलं आणि चिलखतवाल्याने जाहीर केलं की पुढच्या खेळापर्यंत कैदी आतच राहील, पोरांनी येऊन फोटो काढावेत. तिकडे कमानीखाली गाइडबाई माणसं मोजायला लागल्या. मी गजांपाशी धावलो.

‘नाना, चला बाहेर! दार उघडंच आहे, नुसतं ढकला!’

नानांनी कमानीकडे बघितलं. मग समोर फोटोसाठी रांग लावून उभ्या असलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांकडे बघितलं. ‘नाही, निखिलराव. मी यस म्हणालोय. शब्द दिलाय. एवढी मुलं उभी आहेत.’

‘अहो, पण चोरदरवाजा!’

‘राहिला.’ एवढंच म्हणाले, आणि कफनीच्या आत हात घेऊन बसले. डोळे मात्र कमानीवरच होते. मला एकदम त्या दिवाळीतल्या पोरीची आठवण झाली. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या उपदेशाची इतकी लाज वाटली की त्या समुद्रात उडी मारावीशी वाटली.

मी चिलखतवाल्याला गाठून सगळं भडाभडा सांगितलं. मास्तर, मातीचा किल्ला, गुडघे, पुढच्या आठवड्यातलं विमान. तो भला माणूस होता. हेल्मेटची झडप वर करून म्हणाला, ‘कैदी सुटेल, पण कोठडी रिकामी ठेवता येणार नाही. त्यांच्या जागी तुम्ही बसणार?’

आयुष्यात दुसऱ्यांदा, नानांच्या देखत, पहिल्याच फटक्याला मी म्हणालो, ‘यस!’

कफनी माझ्या डोक्यावरून खाली आली. नानांनी जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला. मग माई, मुग्धा, ईरा आणि नाना गाइडबाईंच्या मागे त्या कमानीत दिसेनासे झाले, आणि मी गुरं चोरल्याची शिक्षा भोगायला लागलो. पोरांनी माझे भरपूर फोटो काढले. एकीने तर ‘आधीचा चोर जास्त चांगला होता’ असं आपल्या आईला मोठ्याने सांगितलं. तेवढ्यात पाऊस आला. कोठडीला छप्पर अर्धंच होतं.

नाना परत आले ते जवळजवळ धावतच. त्या गुडघ्यांवर! बूट भिजलेले, चष्म्यावर खारं पाणी.

‘आहे! खरा आहे!’ त्यांनी गजांमधून माझे दोन्ही हात धरले. ‘माणूस वाकूनच आत येईल एवढाच! मी तेच शिकवत होतो हो, तेच! भरतीचं पाणी उंबऱ्याला लागतं. मी हात लावून आलो. त्या पोरीला सांगतो आता, पाहिलाय म्हणून!’ आणि मास्तर चक्क रडायला लागले. माईसुद्धा. मुग्धाने तोंड फिरवलं. मीही रडलो असेन, पण पावसामुळे कुणाला कळलं नाही.

मागोमाग गाइडबाई आल्या. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात मनुका घातलेल्या पावाचा, लोणी लावलेला केवढा तरी मोठा तुकडा. सकाळपासून सगळ्यांच्या मागे पळताना माझ्या पोटात काही गेलं नव्हतं. ‘अरेरे, भिजलात की हो!’ त्या मला म्हणाल्या. ‘घ्या, थोडं खा.’

नाना समोर उभे होते. हावरटपणाचा शेरा पुसायची आयुष्यातली सर्वोत्तम संधी! मी अदबीने म्हणालो, ‘नो, नो, थँक यू.’

‘असं कसं? खा हो, खा!’

मी चाटच पडलो. ही बाई आग्रह करत होती! म्हणजे समुद्र ओलांडला की नियम नागपूरचा! माझा सगळा उपदेश रीडिंगपुरताच होता तर. बाईंच्या पाठीमागून मुग्धा मला डोळ्यांनी ‘आता घे’ म्हणत होती. पण अजून एक ‘नको’ बाकी होतं, आणि तिसरा आग्रह येणार याची मला शंभर टक्के खात्री होती. मी लाजून म्हणालो, ‘नो, रिअली, नो.’

बाईंनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. पण मधे पडले नाना.

‘मॅडम,’ ते आपल्या स्वच्छ शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले, ‘माझ्या जावयांना आग्रह करू नका. त्यांनीच मला शिकवलंय, ज्याला हवं असतं तो पहिल्याच फटक्याला यस म्हणतो.’

‘मग हा तुम्हाला?’ बाईंनी विचारलं.

‘यस!’ म्हणाले नाना, आणि माझ्यासमोर, गजांच्या पलीकडे उभे राहून तो अख्खा तुकडा त्यांनी संपवला. मग रुमालाने मिशी पुसत माईंना म्हणाले, ‘नाही हो, आपण उगीच म्हणत होतो. जावई हावरट अजिबात नाहीत.’