चर्च बघायला गेलेलं महिला मंडळ

एकोणीसशे साठच्या आसपास बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या मराठी महिला मंडळाला ज्ञानाचा झटका आला. हळदीकुंकू पुरेनासं झालं आणि दर महिन्याला एक ऐतिहासिक वास्तू बघायची असं ठरलं. टिपूचा राजवाडा झाला, म्हणजे तिथे बसून डबे खाल्ले. मग कॅन्टोन्मेंटातल्या जुन्या चर्चचा नंबर लागला.

चर्च दाखवायला एक टीचरम्मा होत्या, तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. जन्मभर वर्गाला शिकवलं आणि आता घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून फादरांच्या मागे लागून त्यांनी हे काम मिळवलं होतं. फादर नाखूश. आमच्यासमोरच त्यांना म्हणाले, "आज गडबड झाली, तर हे शेवटचं."

त्या कन्नडमधून सांगणार आणि मी बेळगावची, म्हणून मराठीत करणार. चपला काढायची गरज नाही असं सांगूनही बहुतेक बायका बाहेर चपला काढत रेंगाळल्या. आम्ही चार-पाच जणी पुढे वेदीपाशी गेलो. टीचरम्मा रंगीत काचांवर बराच वेळ बोलल्या. मी म्हटलं, "काचा परदेशातून आणल्यात."

"अक्का, मी एवढं बोलले. तुमची मराठी इतकी आखूड?"

"बायकांना विचारायचंय, एवढ्या उंचावरची जळमटं कोण काढतं?"

त्या उत्तर देणार, तोच वर घंटा वाजली. थोड्या वेळाने पुन्हा एक ठोका. मग आणखी एक.

दारातल्या मनोऱ्याखाली दोरी लोंबत होती. माझ्या आत्तेसासूबाईंनी ती ओढली आणि हात जोडले. देवाच्या दारात दुसरं काय करायचं? मागे रांग लागली. प्रत्येकीने एकदा ओढायची, नमस्कार करायचा, बाजूला व्हायचं.

टीचरम्मा पांढऱ्याफटक पडल्या. "अय्यो देवरे! कुणी मेलं की आमच्यात अशी थांबून थांबून वाजवतात!"

तोवर गल्ली आत आली होती. डोक्यावर पदर ओढून बायका, अर्धी दाढी केलेला एक गृहस्थ. गल्लीतल्या एका आजारी म्हाताऱ्याचं नाव लोकांनी परस्पर नक्कीही करून टाकलं होतं. त्याचा जावई दुकान बंद करून रडत आला. मागून सासरा काठी टेकत आला, कोण गेलं ते बघायला.

फादर धापा टाकत म्हणाले, "टीचर, संपलं तुमचं."

आत्तेसासूबाई उसळल्या. "घंटा वाजवून वर्दी न देता घुसायचं का देवाच्या घरात? विचार गं त्यांना!"

हे मात्र मी शब्दन् शब्द कन्नडमध्ये सांगितलं.

म्हातारा दम खायला बाकावर बसला. "टीचर, काय सांगत होता तुम्ही? त्या काचेतला मेंढीवाला कोण?"

"दर रविवारी त्याच्यासमोर बसता आणि मला विचारता?" टीचरम्मा कडाडल्या आणि पहिल्यापासून सुरू झाल्या. आलेली माणसं आलीच आहोत म्हणून बसली. शेवटी फादरही टेकले, आणि मधेच त्यांनीही एक शंका विचारली.

टीचरम्मांचं काम टिकलं. रविवारच्या प्रार्थनेनंतर गल्लीतल्याच लोकांना चर्च दाखवायचं, असं फादरांनी ठरवलं. बंदी फक्त आमच्या मंडळावर आली. पुढच्या महिन्यात आम्ही लालबागेत गेलो. तिथे कुणी काहीच सांगितलं नाही, त्यामुळे सगळ्या खूश होत्या.