फुंकर न मारलेला लॅपटॉप

बारामतीच्या एसटी स्टँडामागे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. शाळेत शिकवून गावाकडच्या गाडीची वाट पाहताना मी त्याला रोज पाहायचो. यंत्र कुठलंही असो, ते उघडलं की तो आधी गाल फुगवून जोरात फुंकर मारी. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

थोरला भाऊ गेला आणि घरात मी एकटा उरलो. त्याचा लॅपटॉप फार हळू चाले, काही बटणं दबत नसत. त्याचं एक तरी काही चालू राहावं, एवढंच मला हवं होतं. मेमरीची नवी पट्टी पुण्याहून मागवून मी तो या माणसापुढे ठेवला.

"असलं मशीन पहिल्यांदाच उघडतोय, सर," म्हणत त्याने स्क्रू काढून कीबोर्ड उचलला. खाली शेंगदाण्यांची लाल फोलपटं साचली होती.

"कामापरीस शेंगदाणंच जास्त झाल्यात की!" तो हसला.

"भाऊ खायचा," मी म्हणालो. "मागच्या महिन्यात गेला."

त्याने गाल फुगवले होते. तोंड बाजूला वळवून त्याने तो श्वास हळूच सोडला. मग ब्रशने सगळी फोलपटं कागदावर ओढली, पट्टी बसवली, लॅपटॉप सुरू करून दाखवला आणि कागदाची पुडी माझ्या हातात दिली.

"माणसाचं हाय. फुंकून न्हाय उडवायचं."

घरी शेळगावला जाणाऱ्या एसटीत मी खिडकी लावून घेतली.

"सर, उन्हात थंडी वाजतीया व्हय?" शेजारी बसलेले गावातले आबा म्हणाले.

मी पुडीवर हात ठेवून बसून राहिलो.