रेफरन्समध्ये सुरेखाताईंचा नंबर

सोमवारी जालन्यात एका बियाणे कंपनीत इंटरव्ह्यू होता, अकाउंट्सच्या जागेसाठी. तिथून आल्यापासून मनातून जात नाहीये... म्हणून लिहून टाकते.

लग्नाआधीपासून मी अंबडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होते. मुलगी झाली आणि नोकरी सुटली. आता ती शाळेत जायला लागली, तेव्हा परत अर्ज करायचं ठरवलं.

सीव्ही कसा लिहायचा याचे दोन-चार व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचं एकच, काम मोठं करून दाखवा... मी लिहिलं, 'शोरूमचा संपूर्ण हिशोब एकटीने कंप्युटरवर आणला.' खरं तर ते काम आमच्या अकाउंटंट सुरेखाताईंचं. मी शेजारी बसून बिलं वाचून दाखवायचे.

वरून रेफरन्समध्ये ताईंचाच नंबर टाकला. त्यांना विचारलंसुद्धा नाही. वाटलं, कोण कशाला फोन करतंय...

इंटरव्ह्यू घेणारे सर शांत स्वभावाचे होते. जुना स्टॉक कंप्युटरवर कसा चढवला, हिशोबात फरक आला तेव्हा काय केलं, असं विचारत गेले. मी गोल गोल उत्तरं देत राहिले. मग त्यांनी सीव्हीवरचा नंबर लावला आणि माझ्यासमोरच फोन स्पीकरवर ठेवला.

ताईंनी उचलला. सरांनी माझं नाव सांगितलं, ती ओळ वाचून दाखवली आणि हे खरं का, असं विचारलं.

"हो सर," ताई म्हणाल्या. "आम्ही दोघींनी मिळून केल्तं ते."

माझे कान तापले. नोकरी सोडल्यापासून ज्या बाईंना मी एक फोन केला नव्हता, त्या माझ्यासाठी खोटं बोलत होत्या.

"न्हाई सर, ते एकट्या ताईंनी केलं," माझ्या तोंडून निघालं. "मी फक्त बिलं वाचून द्यायचे."

सरांनी फोनवरच विचारलं, मग ह्या नेमकं काय करायच्या? ताई म्हणाल्या, ट्रॅक्टर बिघडला म्हणून कुणी भांडत आलं की आम्ही हिलाच पुढं करायचो, हिच्याशी बोलून माणूस हसत घरी जायचा. हे मी सीव्हीत कुठंच लिहिलं नव्हतं... ते काम आहे असंच मला वाटलं नव्हतं.

सरांनी सीव्ही परत दिला. त्यांना हिशोब सांभाळणारं माणूस हवं होतं, तसं त्यांनी सरळ सांगितलं. मी मान खाली घालून बाहेर आले.

बसस्टँडवर येऊन ताईंना फोन लावला, माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नंबर द्यायच्या आधी मला सांगायचं ना गं. मी बराबर तयारी करून बोलले असते."

मंग त्यांनी मुलीचं नाव विचारलं. तेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं... मी कधी कळवलंच नव्हतं. मला नाव सांगताना रडू आलं.

काल सीव्ही नव्याने लिहिला. ती ओळ काढली, भांडत येणाऱ्या गिऱ्हाइकांचं लिहिलं, आणि ताईंना आधी वाचून दाखवला. रविवारी मुलीला घेऊन अंबडला जातेय.

ताई, तुम्ही हे वाचाल का माहीत नाही. त्या 'दोघींनी'ची माझी लायकी नव्हती... तरी तुम्ही म्हणालात, हे मी विसरणार नाही.