कुठून गेले ते विचारायचं नाय

कुठून गेला, असा साधा प्रश्न विचारायची ज्या घरात बंदी होती, असं घर मी आयुष्यात एकच पाहिलं. ते माझ्या वहिनीच्या मामांचं. पुंडलिकनगरातल्या त्या दोन दारांच्या घरात मामा बीएस्सीच्या पोरांना मेकॅनिक्स शिकवत. त्यातलं क्लासिकल शिकवताना ते भलते चौकस. पोळीवरून तुपाचा थेंब ओघळला तरी कुठून निघाला, कोणत्या वाटेनं गेला, सगळं पोरांकडून वदवून घेत, आणि मामी ताट घेऊन ताटकळत उभ्या. पण क्वांटमचं प्रकरण उघडलं की तोच प्रश्न त्यांना शिवीसारखा लागे. दोन फटी आहेत, एकच इलेक्ट्रॉन दोन्हींतून एकदम गेल्यासारखा पलीकडं पोचला, मग तो कोणत्या फटीतून गेला, असं कुणी विचारलं की मामा त्याला अंगणात उभं करत.

माझा क्वांटम दोनदा राहिला होता. पुन्हा राहिला असता तर बाबा मला फर्दापूरला काकांच्या हॉटेलात गल्ल्यावर बसवणार होते. शेवटी मामा मला आणि माझ्यासारख्याच एका राहिलेल्या मित्राला दौलताबादच्या अंधारीत घेऊन गेले. किल्ल्यातल्या त्या भुयारात वाट एका ठिकाणी दुभंगते आणि पुढं पुन्हा एक होते. एका फाट्यात त्यांनी मला उभं केलं, दुसऱ्यात मित्राला, आणि वाटाड्याला मशाल विझवायला लावली. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. वटवाघळांचा उग्र दर्प, मग चपलांची फटफट, मग लवंगेचा वास अगदी माझ्या कानाजवळून गेला. मामा सतत लवंग चघळत, त्यामुळं मला हायसं वाटलं. बाहेर उजेडात मामा उभेच होते. मी म्हणालो, माझ्या बाजूनं आले. मित्र पांढराफटक पडला होता. मामांनी जाताजाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता म्हणे. वाटाड्या झपाझप पुढं निघून गेला.

"कुठून गेलो ते विचारायचं नाय," मामा म्हणाले. "पोचलो का, तेवढंच विचार."

त्या वर्षी माझा विषय निघाला. समजून निघाला की भीतीनं, ते मलाही सांगता येत नाही.

परवा वहिनीचा फोन आला, मामा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्या वेळी मामी पुढच्या दारात भाजी निवडत होत्या. त्यांच्या शेजारून चपला वाजत गेल्या. मागच्या दारी कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीलाही तेव्हाच तशा ऐकू आल्या, लवंगेच्या वासासकट. मामांच्या चपला मात्र खाटेखाली जागच्या जागी होत्या. मला फार भरून आलं, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

मी पुंडलिकनगरात पोचलो, तेव्हा मामींनी मला जवळ बसवून घेतलं.

"कुठून गेले ते नाय विचारत मी," त्या हळूच म्हणाल्या. "पोचले का, तेवढं सांग. तू शिकलायस ना त्यांच्याजवळ?"

तेवढा विषय माझा अजून राहिलेलाच आहे.