आडव्या पावलाचं तत्त्वज्ञान

शेवगावात मुलींना कराटे शिकवणाऱ्या प्रज्ञाताईंचा काता चोख होता. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं हवेतल्या शत्रूशी केलेली मारामारी. हवेतला शत्रू भलताच सोशीक. ताईंपुढे तो आजवर कधी टिकला नव्हता. अडचण हाडामांसाच्या माणसांची होती.

एसटी स्टँडवर एका पोरानं रेश्माचं मनगट धरलं. रेश्मा म्हणजे ताईंची सगळ्यात मन लावून शिकणारी मुलगी. पण तिला त्या वेळी काही म्हणता काही सुचलं नाही. कंडक्टर खेकसला म्हणून सुटली. दुसऱ्या दिवशी तिची आई चांगुणाबाई थेट मंगल कार्यालयात हजर. लग्नतिथी नसली की ताईंचा क्लास तिथंच भरायचा.

"मॅडम, ही वरीसभर हातपाय झाडती. आता माझ्या हातातनं मनगट सोडवू द्या. सुटली तर कालिजात जाईल, न्हाई तर घरी बसंल."

चांगुणाबाई रोज म्हशींच्या धारा काढायच्या. रेश्मानं कात्यातली सगळी वळणं घेतली. आई फुगडी खेळल्यासारखी तिच्याबरोबर फिरली, मूठ काही सुटली नाही. ताईंनी धीर दिला, आडवं पाऊल टाक म्हणाल्या. या पावलावर त्यांनी महिला दिनाला भाषण ठोकलं होतं. 'संकटाच्या रेषेतून बाजूला होणं' असं काहीसं होतं ते, आणि टाळ्याही बऱ्या पडल्या होत्या. रेश्मानं पाऊल टाकलं. चांगुणाबाईंनी जांभई दिली आणि येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत दिली.

घरी जाऊन ताईंनी नगरला आपल्या गुरूंना, भिमाजी सरांना, फोन लावला आणि त्या पावलाचा अर्थ विचारला.

"कुठलं आडवं पाऊल?" सरांनी विचारलं आणि मग त्यांना आठवलं. "अगं, ते व्हय! आपल्या सरावाच्या शेडमध्ये मधोमध खांब हुता. डोकं आपटू नये म्हणून सरकायचो आपण."

"आणि मूठ उलटी करून कमरेशी ओढतो, ती?"

"ती मलाबी तशीच शिकवली. दिसती झ्याक."

ताईंनी मुलींसमोर सगळं कबूल केलं. मी तुम्हाला वर्षभर खांब चुकवायला शिकवलं, म्हणाल्या. मुली इतक्या हसल्या की पलीकडचा आचारी डोकावून गेला. मग ताईंनी हात पुढे केला नि म्हणाल्या, धरा घट्ट. एकेक हालचाल खऱ्या पकडीवर घासून पाहिली. बहुतेक हालचाली आपटल्या, दोनदा ताईही. पण मूठ उलटी करत, अंग वळवून हात कमरेशी खेचला, की पकडणाऱ्याचा अंगठा उघडत होता. हीच मूठ सुबक दिसावी म्हणून ताईंनी मुलींना किती टोकलं होतं.

बाजाराच्या दिवशी चांगुणाबाईंनी मनगट धरलं. रेश्मा आधी थिजली. मग पोटातून ओरडली, वळली आणि हात खेचला. चांगुणाबाईंच्या मुठीत काही उरलं नाही.

त्यांनी पुन्हा धरलं. या खेपेला मात्र सुटेना.

"आता मला डाव कळला ना," त्या म्हणाल्या.

"त्या पोराला कुठं कळलाय?" रेश्मा धापा टाकत म्हणाली.

चांगुणाबाईंनी मूठ सैल केली. "जा. पन कंडक्टरच्या जवळ बसत जा."

ताई पुढे सरसावल्या, घसा खाकरला आणि या हालचालीमागचा खरा अर्थ सांगायला लागल्या.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," चांगुणाबाई म्हणाल्या, "तिची एसटी चुकंल."