चंदनने घातलेलं गाऱ्हाणं

शिरोड्याच्या आमच्या आश्रमात एखादी गोष्ट लपवायची असेल तर ती चंदनच्या कानावर जाऊ देऊ नये. उशीखाली खडीसाखर कोण ठेवतं, कोणाची कवळी कोणाच्या पेल्यात सापडली, मुंबईच्या लेकाशी बोलतोय असं भासवून बंद फोन कानाला लावून कोण बसतं, ही सगळी बातमी सकाळच्या चहाआधी तो व्हरांडाभर वाटतो. वय बेचाळीस. त्याची समज सावकाश वाढते, असं डॉक्टर म्हणतात. आमची भराभर कमी होते, त्यामुळे मध्ये कुठेतरी गाठ पडते आणि बरं जमतं.

इथे आम्ही म्हातारे आणि चंदन एकत्रच राहतो. चंदन परशुरामकाकांच्या खोलीत. काकांना दिसत नाही, म्हणून ताटातल्या पेडवे माशांचे काटे चंदन काढून देतो. चंदनला शर्टाची बटणं जमत नाहीत, ती काका चाचपून लावतात. आणि दिवसभर भांडतात.

"काटो रवलो रे. माका मारतलस?"

"तुम्ही मरूचे नाय. काल माजी बटणा खालवर लावलास, ता बघा आदी."

काकांनी आयुष्यभर गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. म्हणजे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मोठ्यानं मागायचं, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आश्रमात पाण्याचा नवा पंप बसला तरी काकांचं गाऱ्हाणं व्हायचंच, आणि त्यात पहिला "व्हय म्हाराजा" चंदनचा.

मग विनीतसाहेब व्यवस्थापक म्हणून आले. मूळचे मालवणचे, पण पुण्यात शिकल्यामुळे मराठी अगदी इस्त्री केलेली. त्यांनी ठरवलं की म्हातारे इथे राहतील आणि चंदनला संस्थेच्या ओरोसच्या नव्या इमारतीत हलवायचं. "तिथे त्याला काम शिकवतील, त्याच्या वयाचे सोबती मिळतील," ते म्हणाले. बोलणं चुकीचं नव्हतं. फक्त चंदनला कोणी विचारलं नव्हतं. त्याने बातम्या वाटणं बंद केलं. व्हरांडा मुका झाला. काकांनी पेडवे खायचं सोडलं.

न्यायला नवी कोरी गाडी आली. चंदनची पिशवी तिच्या दाराशी ठेवली. पण पुण्यात शिकला म्हणून काय झालं, मालवणी माणूस नारळाआधी नव्या गाडीची चावी फिरवत नाही. साहेबांनी स्वतःच काकांना बोलावलं.

"माजो घसो बसलो," काका पुटपुटले. "आज गाऱ्हाणा चंदन घालतलो."

घसा बसला म्हणे. चहात साखर कमी म्हणून नुकत्याच दिलेल्या त्यांच्या शिव्या मी तिसऱ्या खोलीत ऐकल्या होत्या.

चंदन नारळापुढे उभा राहिला. आम्ही हात जोडले, साहेबांनीही जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ही नवीन गाडी इली आसा. तिका वाटेत काय होव नये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"विनीतसाहेबाक बायल गावांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात बायकांचा आवाज जरा चढला होता.

"आणि चंदन खंय जाव नये. काकांच्या खोलीतच रवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा. लहानपणापासून गावच्या देवळात वळण लागलेली जीभ, ती काय ऐकतेय?

साहेबांनी डोळे उघडले. "मी ते सवयीनं म्हटलं."

स्वयंपाक करणारी सुगंधा पदर खोचून पुढे आली. "देवाक काय ठावक, सवयीन की मनान? आता मोडून बगा."

साहेबांनी नारळाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच चंदनकडे वळले. "तुला ओरोसला नाही जायचं?"

"माका गाडीत बसूचा आसा," चंदन म्हणाला. "रवूचा हयसर."

पिशवी परत खोलीत गेली. चंदन मात्र गाडीत बसून ओरोसला जाऊन संध्याकाळी परतला. आता आठवड्यातून एकदा काम शिकायला जातो, आणि ओरोसच्या बातम्या घेऊन येतो. काका पुन्हा पेडवे खातात, काट्यावरून ओरडतात.

साहेब हल्ली गाऱ्हाण्याला डोळे उघडे ठेवून उभे राहतात. त्यांच्या बायकोचं मधलं मागणं अजून फळलेलं नाही. पण ओरोसला शिकवणारी शर्मिला चंदनच्या मनात भरली आहे, साहेबांसाठी. ही बातमी आज चहाआधीच सगळ्यांना कळली. साहेबांनाच तेवढी ठाऊक नाही.